वेबसाइटवरचा पाहुणा आणि खात्यातला ग्राहक

पुस्तकं आणि दिवाळी अंक ऑनलाइन विकणारी एखादी प्रकाशन संस्था डोळ्यांसमोर आणा. दिवाळीआधी तिने फेसबुकवर जाहिरात केली, जुन्या वाचकांना ईमेल पाठवले, व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर लिंक टाकली. अंक बऱ्यापैकी खपले. आता विक्री सांभाळणाऱ्या व्यक्तीला एक साधा प्रश्न पडतो: यातल्या कोणत्या वाटेने आलेले वाचक वर्षभरात पुन्हा खरेदीला आले? पुढच्या दिवाळीत जाहिरातीचे पैसे कुठे लावायचे, ते या उत्तरावर ठरणार आहे. पण हे उत्तर कुठल्याही एका जागी मिळत नाही. वेबसाइटवरच्या भेटी मोजणाऱ्या गूगल ॲनालिटिक्सला वाट माहीत असते, माणूस माहीत नसतो. ऑर्डरच्या डेटाबेसला माणूस माहीत असतो, त्याने काय घेतलं, पैसे भरले का, पार्सल परत आलं का, हेही माहीत असतं. पण तो कुठून आला ते तिथे लिहिलेलंच नसतं.

ही दोन टोकं जोडायचं काम बहुतेक ठिकाणी ‘आयटीवाले बघतील’ म्हणून सोडून दिलं जातं. मला हे चुकीचं वाटतं. जोडण्याची तांत्रिक क्रिया छोटी आहे. जाणकार माणूस ती एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतल्या दहा-बारा ओळींत करतो. त्याआधीचे निर्णय मात्र धंद्याचे आहेत. कशाच्या आधारे जोडायचं, जोडून झालेल्या तक्त्यातली एक ओळ म्हणजे नेमकं काय, आणि या जोडणीतून कोण गळलं, हे ज्याला ग्राहक माहीत आहेत त्यानेच ठरवायला हवं. ते ठरवण्यासाठी प्रोग्रॅमिंग यायची गरज नाही, आत काय घडतं एवढं कळलं तरी पुरतं.

वेबचा मूळ स्वभाव विसराळू आहे. ब्राउझर पान मागतो, सर्व्हर पान देतो आणि व्यवहार तिथेच संपतो. पुढच्या क्षणी त्याच ब्राउझरने दुसरं पान मागितलं, तरी हा तोच आहे हे सर्व्हरला आपोआप कळत नाही. १९९४मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या अभियंत्याने यावर कुकीचा तोडगा काढला. सर्व्हर ब्राउझरला एक छोटी नोंद देतो आणि ब्राउझर पुढच्या प्रत्येक भेटीत ती परत दाखवतो. दवाखान्यात नाव न विचारता टोकन हातात द्यावं, तसा हा प्रकार आहे. गूगल ॲनालिटिक्सची कुकी याच जातीची असते. तिच्यात एक यादृच्छिक आकडा आणि पहिल्या भेटीची वेळ एवढंच असतं. या जोडीला क्लायंट आयडी म्हणतात. ॲनालिटिक्सच्या अहवालात ‘वापरकर्ते’ म्हणून जो आकडा दिसतो, तो बहुतांशी अशा टोकनांचा हिशेब असतो, माणसांचा नाही. एकच वाचक ऑफिसच्या संगणकावर अंक पाहतो, रात्री मोबाइलवर मागवतो. त्याची दोन टोकनं होतात. घरातल्या एकाच लॅपटॉपवरून आई आणि मुलगी दोघी खरेदी करतात. त्यांचं टोकन एकच.

माणूस कुठून आला हे कळतं ते लिंकच्या शेपटीवरून. ईमेलमधल्या लिंकच्या शेवटी यूटीएम नावाचे काही शब्द जोडलेले असतात: स्रोत कोणता, माध्यम कोणतं, मोहीम कोणती. ही पद्धत अर्चिन या अमेरिकन कंपनीची. गूगलने ती कंपनी २००५मध्ये विकत घेतली आणि त्याच वर्षी गूगल ॲनालिटिक्स बाजारात आणलं. यूटीएमचे हे शब्द कुणीतरी हाताने लिहितं. एकाने ‘दिवाळी२५’ लिहिलं, दुसऱ्याने ‘दिवाळी-२०२५’, तिसऱ्याने काहीच लिहिलं नाही, तर एकाच मोहिमेचे तीन तुकडे होतात आणि पुढची कितीही सुंदर जोडणी ते सांधू शकत नाही. नावं कशी लिहायची याची यादी मोहिमेआधी ठरवून सगळ्यांना द्यावी. हे काम मार्केटिंगच्या मंडळींचंच आहे.

आता प्रत्यक्ष जोडणी. दोन तक्ते जोडायचे तर दोन्हींत एक समान कॉलम हवा. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७०मध्ये मांडलेल्या ज्या प्रारूपावर आजचे बहुतेक व्यवहारी डेटाबेस उभे आहेत, त्यात तक्त्यांचं नातं असं समान मूल्यांवरूनच बांधलं जातं. या कॉलमला ‘की’ म्हणतात. नाव ही की होऊ शकत नाही, हे आपल्याला अनुभवानेच माहीत आहे. एकच कुलकर्णी देवनागरीत एक, रोमन लिपीत दोन-तीन प्रकारांनी लिहिले जातात, आणि कसबा पेठेत त्याच आद्याक्षरांचे आणखी कुणी राहत असतात.

ऑनलाइन विक्रीत चालण्याजोग्या की मला तीन दिसतात. सगळ्यात सोपी आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी म्हणजे ऑर्डर नंबर. खरेदी पूर्ण झाली की ॲनालिटिक्सला ‘परचेस’ नावाची घटना कळवली जाते आणि तिच्यासोबत व्यवहार क्रमांक पाठवता येतो. तिथे आपल्याच डेटाबेसमधला ऑर्डर नंबर पाठवला की काम झालं. लॉगिन लागत नाही, ग्राहकाचं नाव कुठेही जात नाही, आणि कोणती ऑर्डर कोणत्या वाटेने आली हे ओळीला ओळ लावून कळतं. सुरुवात करणाऱ्याने इथूनच करावी असं माझं ठाम मत आहे. दुसरी की म्हणजे यूजर आयडी. ग्राहक लॉगिन करतो तेव्हा आपल्या डेटाबेसमधला त्याचा अंतर्गत क्रमांक ॲनालिटिक्सला कळवायचा. मग त्याचा मोबाइल आणि लॅपटॉप एका क्रमांकाखाली येतात. तिसरी की चौकशीवर चालणाऱ्या धंद्यांसाठी, म्हणजे क्लासेस, फ्लॅट, विमा अशांसाठी. चौकशीच्या फॉर्ममध्ये एक न दिसणारा रकाना ठेवतात, त्यात क्लायंट आयडी आपोआप भरला जातो आणि फॉर्मसोबत सीआरएममध्ये, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, जमा होतो. तीन महिन्यांनी सौदा झाला तरी ती व्यक्ती पहिल्यांदा कुठून आली होती याचा माग राहतो.

यूजर आयडी म्हणून ईमेल किंवा मोबाइल नंबर पाठवायचा मोह फार होतो, कारण तो दोन्हीकडे तयारच असतो. हे करू नये. गूगल ॲनालिटिक्सच्या अटींनुसार व्यक्तीची ओळख पटवणारी माहिती तिथे पाठवायला मनाई आहे. नकळतही ती जाते: फॉर्म भरल्यावर उघडणाऱ्या पानाच्या पत्त्यातच ईमेल दिसत असेल, तर पत्त्यासकट ती अहवालात जाऊन बसते. ‘आम्ही नंबर हॅश करून पाठवतो’ असंही कुणी सांगतं, म्हणजे गणिती प्रक्रियेने त्याचं न ओळखू येणाऱ्या अक्षरांच्या माळेत रूपांतर करून. भारतातला मोबाइल नंबर दहा अंकी असतो आणि ६, ७, ८ किंवा ९ने सुरू होतो. म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. साध्या संगणकालाही त्या सगळ्यांचे हॅश काढून यादी करायला फार वेळ लागत नाही. मग माळेवरून नंबर शोधणं म्हणजे यादीत बोट ठेवणं. त्यामुळे की अशी असावी की ती बाहेर कुणाच्या हाती पडली, तरी तिच्यावरून काही उलगडू नये. आपल्या डेटाबेसने दिलेला, अर्थ नसलेला क्रमांक हेच उत्तम.

की ठरली, तक्ते जोडले, आणि विक्री अचानक पाचपट झाली, हा अनुभव अनेक कचेऱ्यांत येतो. कारण समजून घेण्यासारखं आहे. समजा एका वाचकाने वर्षात पाच वेळा वेबसाइट पाहिली आणि तीन ऑर्डरी दिल्या, मिळून १,२०० रुपयांच्या. भेटींच्या तक्त्यात त्याच्या पाच ओळी, ऑर्डरींच्या तक्त्यात तीन. दोन्ही तक्ते फक्त यूजर आयडीवर जोडले तर प्रत्येक भेट प्रत्येक ऑर्डरशी जोडली जाते आणि पंधरा ओळी तयार होतात. रकमेच्या कॉलमची बेरीज केली की १,२०० रुपयांचे ६,००० होतात. संगणकाने काहीही चूक केलेली नसते. त्याला जे सांगितलं तेच त्याने केलं. म्हणून जोडणी मागण्याआधी एक वाक्य लिहून द्यावं: ‘या तक्त्यातली एक ओळ म्हणजे एक ग्राहक’, किंवा ‘एक ओळ म्हणजे एक ऑर्डर’. आपल्या प्रकाशन संस्थेच्या प्रश्नाला पहिलं वाक्य लागतं. प्रत्येक वाचकाची पहिली ऑर्डर काढायची, ऑर्डर नंबरवरून तिची वाट ॲनालिटिक्सकडून आणायची, आणि त्या वाचकाच्या पुढच्या बारा महिन्यांतल्या ऑर्डरी डेटाबेसमध्ये मोजून, परत आलेली पार्सलं वजा करून, त्याच ओळीत लिहायच्या. तयार तक्त्याची बेरीज मूळ डेटाबेसच्या बेरजेशी ताडून पाहायची. ती जुळेपर्यंत कोणताही आलेख काढू नये.

जोडणीचा दुसरा प्रश्न गळतीचा. दोन तक्ते जोडताना ‘दोन्हीकडे सापडतील तेवढेच ठेव’ असंही सांगता येतं आणि ‘डावीकडचे सगळे ठेव, उजवीकडे सापडलं नाही तर रिकामं सोड’ असंही. पहिल्या पद्धतीत तक्ता स्वच्छ दिसतो, कारण न जुळलेल्या ऑर्डरी गुपचूप नाहीशा होतात. व्यवहारात दुसरी पद्धत मागावी आणि ऑर्डरींचा तक्ता डावीकडे ठेवावा. मग शंभरातल्या किती ऑर्डरींची वाट कळली नाही हे समोर दिसतं, आणि तो आकडा प्रत्येक अहवालाच्या डोक्यावर छापला पाहिजे.

कारण ॲनालिटिक्स आणि डेटाबेस यांचे आकडे कधीच तंतोतंत जुळत नाहीत. ग्राहक यूपीआयने पैसे भरायला दुसऱ्या ॲपमध्ये जातो, पैसे भरले जातात, बँकेचा एसएमएस येतो, आणि तो वेबसाइटवर परत येतच नाही. आभाराचं पान उघडलं नाही, तर ‘परचेस’ची घटना गेली नाही. डेटाबेसमध्ये ऑर्डर आहे, ॲनालिटिक्समध्ये नाही. उलटही होतं: कॅश ऑन डिलिव्हरीची ऑर्डर ॲनालिटिक्सने विक्री म्हणून मोजली, पार्सल दारातून परत आलं, आणि ते फक्त डेटाबेसला कळलं. काही वेळा पैसे भरून परतलेला ग्राहक पेमेंट गेटवेच्या वेबसाइटवरून आल्यासारखा नोंदला जातो, आणि ज्या ईमेलने त्याला खरोखर आणलं तिचं श्रेय जातं. त्यासाठी गेटवेचा पत्ता वगळायची सोय ॲनालिटिक्सच्या सेटिंगमध्ये असते. जाहिराती अडवणारी एक्स्टेन्शन्स आहेत, कुकीला नकार देणारे वाचक आहेत. ॲपलच्या सफारी ब्राउझरने तर २०१९पासून पानावरच्या स्क्रिप्टने ठेवलेल्या कुकीची मुदत सात दिवसांवर आणली. आयफोनवर जाहिरात पाहून गेलेला वाचक दहा दिवसांनी अंक घ्यायला आला, तर तो नवाच पाहुणा ठरतो. पैशांचा आकडा म्हणून नेहमी डेटाबेसचाच धरावा. ॲनालिटिक्सकडून फक्त वाट घ्यावी.

वेळेचाही घोटाळा असतो. ॲनालिटिक्सचा कच्चा डेटा गूगलच्या बिगक्वेरी या डेटा साठवण्याच्या सेवेत उतरवला, तर प्रत्येक घटनेची वेळ जागतिक प्रमाणवेळेत येते, आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे आहोत. २१ तारखेला पहाटे दोनला आलेली ऑर्डर तिथे २०च्या रात्री साडेआठची दिसते. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेत अमेरिकेतल्या मराठी वाचकांचा दिवस चालू असतो, त्यामुळे परदेशी ऑर्डरी असलेल्या संस्थेत हा फरक लहान राहत नाही. दिवसावार तुलना करण्याआधी दोन्ही बाजूंच्या वेळा भारतीय वेळेत आणायला सांगावं.

आणि एक्सेल. बहुतेक कचेऱ्यांत पहिली जोडणी एक्सेलमध्येच होते, त्यात गैर काही नाही. पण एक्सेल आकड्याचे फक्त १५ सार्थ अंक जपतं. क्लायंट आयडी म्हणजे मध्ये टिंब असलेले दोन लांब आकडे, बहुधा वीस अंकांचे. सीएसव्ही फाइल सरळ डबल क्लिक करून उघडली, की एक्सेल त्याला दशांश संख्या समजतं आणि शेपटीचे अंक गाळून टाकतं. पडद्यावर काहीच बिघडल्यासारखं दिसत नाही. फक्त की जुळत नाहीत, आणि फाइल सेव्ह केली तर गेलेले अंक परतही मिळत नाहीत. शून्याने सुरू होणाऱ्या ऑर्डर नंबरांची पुढची शून्यंही अशीच जातात. फाइल आयात करताना कीचा कॉलम ‘टेक्स्ट’ म्हणून निवडावा. व्ही-लुकअप वापरणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात: ते पहिली जुळलेली ओळ घेऊन थांबतं, आणि सूत्राच्या शेवटी ‘फॉल्स’ लिहिलं नाही तर जवळपासच्या मूल्यावरही समाधान मानतं.

सणांवर चालणाऱ्या धंद्याने एक सेटिंग आजच तपासावं. गूगल ॲनालिटिक्सच्या सध्याच्या आवृत्तीत वापरकर्त्याच्या पातळीवरचा तपशील मुळात दोन महिनेच ठेवला जातो. साध्या खात्यात तो चौदा महिन्यांपर्यंत वाढवता येतो. अधिक मास आला की दोन दिवाळ्यांमध्ये सुमारे ३८४ दिवस जातात. दोन महिन्यांचं सेटिंग तसंच राहिलं, तर या दिवाळीला जोडायला मागच्या दिवाळीचा तपशील उरलेलाच नसतो. बिगक्वेरीकडे डेटा उतरवायची सोय आहे, पण ती जोडल्या दिवसापासून पुढचाच डेटा देते, मागचा नाही. आणि ‘गेल्या वर्षीचा याच तारखेचा आठवडा’ ही तुलना आपल्याकडे बऱ्याचदा निरर्थक ठरते. तक्त्यात ‘दिवाळीला उरलेले दिवस’ असा एक कॉलम असला, तर दोन हंगाम खऱ्या अर्थाने शेजारी ठेवता येतात. असा कॉलम हवा हे आयटीच्या माणसाला सुचण्याची शक्यता कमी. ते विक्रीच्या माणसाला माहीत असतं.

जुळलेले ग्राहक हे सगळ्या ग्राहकांसारखे नसतात, हेही विसरू नये. लॉगिन करून येणारे सहसा जुने, निष्ठावान वाचक असतात. फक्त त्यांच्यावरून ‘आमचा वाचक ईमेलने येतो’ असा निष्कर्ष काढला, तर व्हॉट्सॲपवरून येऊन पाहुणा म्हणून एकदाच अंक घेणाऱ्यांचा मोठा वर्ग नजरेआड होतो, आणि वाढ कदाचित तिथेच असते.

इथवर सगळं आकड्यांच्या अचूकतेचं झालं. जोडणीच्या क्षणी आणखीही काही घडतं: तोवर निनावी असलेल्या भेटींना नाव लागतं. याचं वजन जगाला लवकरच कळलं. १९९९मध्ये इंटरनेटवरच्या जाहिराती वाटणाऱ्या डबलक्लिक या अमेरिकन कंपनीने ॲबॅकस डायरेक्ट ही कंपनी शंभर कोटी डॉलरहून अधिक किंमत देऊन विकत घेतली. डबलक्लिककडे कुकींवरून जमलेला निनावी वावर होता. ॲबॅकसकडे कॅटलॉगवरून टपालाने खरेदी करणाऱ्या कोट्यवधी अमेरिकन कुटुंबांची नावं, पत्ते आणि खरेदी. दोन्ही जोडायचा बेत होता. ग्राहकहक्कांच्या संघटना तक्रारी घेऊन पुढे आल्या, अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने चौकशी सुरू केली, आणि मार्च २०००मध्ये कंपनीचे प्रमुख केविन ओ’कॉनर यांनी हा बेत चुकीचा होता असं जाहीर करून तो थांबवला. त्यांच्याकडे तंत्रज्ञान कमी नव्हतं. लोकांनी एका कामासाठी दिलेली माहिती त्यांना न विचारता दुसऱ्या माहितीला बांधली जात होती, हे लोकांना मान्य नव्हतं.

नाव काढून टाकलं म्हणजे माणूस सुटला, असंही नसतं. लताना स्वीनी या संशोधिकेने १९९०च्या दशकात मॅसॅच्युसेट्सच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या वैद्यकीय नोंदी घेतल्या, ज्यांतून नावं वगळलेली होती. केंब्रिज शहराची मतदार यादी त्यांनी वीस डॉलरला विकत घेतली. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोडसारखा झिप कोड हे तीन कॉलम दोन्हीकडे होते. त्यांवर जोडणी करून त्यांनी राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची वैद्यकीय नोंद ओळखून दाखवली. म्हणून जोडलेल्या तक्त्यात जन्मतारखेऐवजी वयोगट, आणि पूर्ण पिनकोडऐवजी जिल्हा ठेवला तर धंद्याचा प्रश्न सहसा तितकाच नीट सुटतो.

भारतात आता याला कायद्याची चौकट आहे. २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा म्हणतो की संमती मोकळी, विशिष्ट आणि माहिती देऊन घेतलेली असावी, सांगितलेल्या कामापुरतीच माहिती वापरावी, आणि संमती मागे घेणं देण्याइतकंच सोपं असावं. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. सुरक्षेत हयगय झाली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मराठी आणि कोंकणी वाचकांसाठी यातली एक तरतूद मोलाची आहे: संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत वाचायचा पर्याय ग्राहकाला दिला पाहिजे. मराठी पुस्तकं विकणाऱ्या वेबसाइटने तरी ती सूचना आधी मराठीत लिहावी, आणि त्यात ‘तुम्ही कोणत्या जाहिरातीवरून आलात ही नोंद आम्ही तुमच्या ऑर्डरशी जोडतो’ असं सरळ वाक्य असावं. बालसाहित्य विकणाऱ्यांसाठी आणखी एक: अठरा वर्षांखालच्यांच्या वावरावर पाळत ठेवायला आणि त्यांना लक्ष्य करून जाहिरात करायला, काही अपवाद वगळता, कायद्याने मनाई आहे. मुलाच्या नावाने उघडलेली खाती या जोडणीतून बाहेरच ठेवावीत.

एखाद्या वाचकाने ‘माझी माहिती काढून टाका’ असं कळवलं, तर डेटाबेसमधली त्याची ओळ पुसून भागत नाही. जोडलेल्या तक्त्याच्या प्रती कुठे कुठे गेल्या, हे माहीत असावं लागतं: कुणाच्या ईमेलमध्ये जोडलेली एक्सेल फाइल, जाहिरात एजन्सीला पाठवलेली यादी, डाउनलोडच्या फोल्डरात पडलेली जुनी आवृत्ती. जोडलेला तक्ता एकाच ठिकाणी ठेवावा, बाकीच्यांना त्यातून फक्त बेरजा द्याव्यात, आणि त्यातल्या प्रत्येक ओळीवर डेटाबेसमधला ग्राहक क्रमांक असावा, म्हणजे पुसायची वेळ आली की तोच क्रमांक शोधून ती ओळ काढता येते.